इंडियन लेडी डॉक्टर

शिकागो
३ मार्च १९८५

प्रिय सुजाता,

तुझा पांढरा कोट आणि दोन पुस्तकं लॉकरमध्ये राहिली होती. काल पार्सल करून कॅरी गावी, तुझ्या दादारावकाकांच्या पत्त्यावर पाठवली. आठवड्याभरात मिळतील. पोचल्याचं कळव.

फोन तीनदा केला. दोनदा काकांनीच उचलला. "झोपलीय ती," म्हणाले. तुमच्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. म्हणून हे पत्र.

तू गेल्याला तीन आठवडे झाले. तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. एक इंटर्न कमी, त्यामुळे तुझे पेशंट आम्ही तिघांनी वाटून घेतलेत. खिडकीजवळचे मिस्टर ओर्तेगा रोज विचारतात, "माझी छोटी डॉक्टर कुठे गेली?" मी सांगते, सुट्टीवर आहे.

जे झालं ते फार वाईट झालं. तीस-पस्तीस डॉक्टरांसमोर कुणालाच असं उभं करू नये. पण डॉ. हॅल्ब्रुक कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. ते कुणालाच सोडत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षी मीही बाथरूमची कडी लावून रडले आहे. तू राजीनाम्याची एवढी घाई करायला नको होतीस, असं मला अजून वाटतं. थोडं थांबली असतीस तर सगळं निवळलं असतं.

आणि एक. मिसेस नोवाक एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. हृदय आधीच थकलेलं. त्या गेल्या याचं ओझं तू जन्मभर वाहू नकोस.

रविवारी आम्ही डेव्हनच्या देशी दुकानांत किराणा आणायला गेलो होतो. विनयनं सवयीनं बेसनाचं मोठं पाकीट उचललं. "सुजाता आली की पाटोड्या करेल," म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं. मोठं ठेवून त्यानं लहान घेतलं.

जेवत जा.

तुझी,
सुनेत्राताई


शिकागो
२१ एप्रिल १९८५

प्रिय सुजाता,

तुझं पत्र परवा आलं. मोजून नऊ ओळी. दारातच उभ्यानं वाचलं, कोटही न काढता.

कॅरीजवळच्या हॉस्पिटलनं तुला जुलैपासून घ्यायची तयारी दाखवली, हे वाचून बरं वाटलं. अडचणही समजली. आपले डायरेक्टर डॉ. लिंडक्विस्ट यांनी त्यांना कळवलंय की तू 'हलगर्जीपणामुळे झालेल्या पेशंटच्या मृत्यूनंतर' ट्रेनिंग सोडलंस. ते शब्द फाइलमध्ये आहेत तोवर तुला कुणी घेणार नाही, आणि तीस जूनपर्यंत जागा पक्की झाली नाही तर व्हिसाही संपेल. म्हणून तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. तू लिहितेस, "ताई, मला तुमच्यावर आरोप करायचा नाही. मी तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही उत्तर दिलं होतं, एवढंच डॉ. लिंडक्विस्टना सांगा. हल्ली मला कधीकधी वाटतं, मी विचारलंच नव्हतं."

त्या दिवसाबद्दल मी पुष्कळ विचार केला. दुपारी दोनच्या सुमाराला लॅबनं वॉर्डात फोन करून सांगितलं की मिसेस नोवाकचं पोटॅशियम धोक्याइतकं खाली गेलंय. एवढं नक्की. हृदयाच्या गोळ्या चालू असताना ते तसंच सोडलं तर काय होतं, हे तुला मी काय सांगायचं! लगेच शिरेतून पोटॅशियम द्यायला हवं होतं. कुणी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या आधीच त्या गेल्या. लॅबच्या वहीत निरोप घेणाऱ्याचं नाव नव्हतं. 'इंडियन लेडी डॉक्टरला सांगितलं', एवढंच लिहिलेलं होतं. आणि वॉर्डात आपण दोघी.

त्या मृत्यूची चर्चा करायला भरलेल्या कॉन्फरन्समध्ये हॅल्ब्रुकनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि सरळ तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "तो फोन मी घेतला नाही. पण संध्याकाळी मी डॉ. सुनेत्रांना विचारलं होतं, पोटॅशियम किती आलं म्हणून. त्या म्हणाल्या, पाहिलंय मी, ठीक आहे." मग त्यांनी मला विचारलं, "असं झालं होतं का?" मी म्हणाले, "मला आठवत नाही."

सुजाता, मला खरंच आठवत नव्हतं. अठ्ठावीस पेशंट, दिवसाला शंभर आकडे. कुणी कॉरिडॉरमध्ये काय विचारलं आणि मी काय बोलले, हे आता शपथेवर तरी मी कसं सांगणार?

पुढे त्यांनी तुला जवळजवळ पाऊण तास उभं ठेवलं. 'व्हॉमिटिंग' आणि 'वेन' हे शब्द, उच्चार चुकतो म्हणून, पुन्हा पुन्हा म्हणायला लावले, ज्यांचा त्या केसशी काही संबंधही नव्हता. "आपल्या चुकीसाठी सीनियरचं नाव घेतेस?" असं चारदा विचारलं. ते मी ऐकत होते. ते मला आठवतं.

ऑक्टोबरातल्या त्या पाटीबद्दलही तू विचारलंयस. हॅल्ब्रुकनी कॅफेटेरियातली 'रिझर्व्ड' लिहिलेली पाटी आणून कॉन्फरन्स रूममध्ये तुझ्या खुर्चीवर ठेवली होती. सगळे हसले. कशाला हसतोय हे त्यातल्या बहुतेकांना कळलंही नव्हतं. त्यांना हे कुणी सांगितलं असेल, असं तू विचारतेस. मला कल्पना नाही. कुठल्या तरी मासिकात वाचलं असेल.

लिंडक्विस्ट सध्या बाहेरगावी आहेत. आले की भेटते. तीस जूनला अजून वेळ आहे.

तुझी,
सुनेत्राताई


शिकागो
१६ जून १९८५

प्रिय सुजाता,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ: "ताई, वीस दिवस राहिले." कार्ड माझ्या हातात येईपर्यंत चौदा राहिले होते.

मी अजून लिंडक्विस्टना भेटलेले नाही. खोटं कशाला सांगू?

दोनदा त्यांच्या ऑफिसपर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते मोकळेच होते, दार उघडं होतं, त्यांनी मला पाहून हातही केला. मी त्यांना कँटीन किती वाजता बंद होतं, ते विचारून परत आले.

माझी कार्डिऑलॉजीची फेलोशिप हॅल्ब्रुकच्या शिफारशीवर अडली आहे. मी विनयशी बोलले. तो म्हणाला, "तू आता बोललीस तर तिचं भलं होईल की नाही ते माहीत नाही. तुझं मात्र संपेल. आणि पेशंट गेलाय. उद्या त्यांच्या घरच्यांनी कोर्टात खेचलं तर? आपल्याला हा देशच सोडावा लागेल." मी म्हटलं, "तिलाही सोडावा लागेल." तो म्हणाला, "ती एकटी आहे, सुनेत्रा." असं म्हणाल्यावर त्यालाही कसंसंच झालं असावं. उठून भांडी घासायला लागला.

माझं पहिलं वर्ष कसं गेलं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. जानेवारीत राउंडला एका पेशंटसमोर हॅल्ब्रुकनी माझ्या हातातला चार्ट काढून घेतला आणि पेशंटलाच दिला. "तुम्हीच वाचा, हिच्यापेक्षा बरं वाचाल," म्हणाले. तो बिचारा ट्रक ड्रायव्हर, त्यानं खरंच वाचायला सुरुवात केली. मी शेजारी उभी. नंतर महिनाभर त्या वॉर्डात जायच्या आधी मी प्रत्येक चार्ट दोनदा मोठ्यानं वाचून बघायचे. असं वर्षभर. तू जुलैत आलीस, आणि त्यांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. अगदी पहिल्या आठवड्यापासून. सुजाता, मला इतकं हलकं वाटलं होतं. मी तुला घरी जेवायला बोलावलं, ते तुझ्याबद्दल मला वाटत होतं म्हणूनच, पण त्यात हेही होतं. आज लिहिताना कळतंय.

माझी बाजू समजून घे, एवढंच म्हणते. अजून चौदा दिवस आहेत.

सुनेत्राताई


शिकागो
५ जुलै १९८५

सुजाता,

तीस जून गेली. मी भेटले नाही.

परवा सकाळी उठले तेव्हा मनात आलं, आता तुला खरं सांगायला हरकत नाही. आणि माझी मलाच शिसारी आली. तरी सांगते.

तो फोन मी घेतला. नर्सेसच्या टेबलापाशी कागद मिळेना, म्हणून २.३ हा आकडा मी डाव्या तळहातावर पेननं लिहिला. पोटॅशियमची ऑर्डर लिहायला वळले, तेवढ्यात हॅल्ब्रुक आले. त्या दिवशी कसे कोण जाणे, ते माझ्यावर घसरले. तीन नंबरच्या पेशंटच्या किडनीबद्दल काहीतरी विचारलं, मला येईना. दहा मिनिटं सगळ्यांपुढे झोडलं मला. ते गेल्यावर मी सिंकपाशी गेले आणि हात धुतले. साबणानं, चांगले चोळून. आकडा त्यात गेला, आणि डोक्यातूनही गेला.

संध्याकाळी लिफ्टजवळ तू विचारलंस, "ताई, नोवाकबाईंचं पोटॅशियम किती आलं?" तुझ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. मला काहीतरी खटकलं. आकडा आठवेना. विसरले म्हणायची लाज वाटली, कारण तू माझी ज्युनियर. म्हणून म्हणाले, "पाहिलंय मी, ठीक आहे." तू लगेच "बरं" म्हणालीस. माझ्यावर विश्वास होता तुझा.

तू विचारलं होतंस. तू वेडी झालेली नाहीस.

कॉन्फरन्समध्ये मला सगळं आठवत होतं. वहीतली ती ओळ वाचली गेली तेव्हा मी हात टेबलाखाली घेतले होते.

आणि ती पाटी. सप्टेंबरात कॅफेटेरियात हॅल्ब्रुकनी मला आपल्या टेबलावर बसायला बोलावलं. मला केवढं अप्रूप वाटलं! ते म्हणाले, "मेश्रामचं इंग्लिश तुझ्यासारखं का नाही? तुम्ही एकाच देशातल्या ना?" मी म्हणाले, "आमच्याकडे मेडिकल कॉलेजात काही जागा काही जातींसाठी राखीव असतात. त्यामुळे दर्जा सगळीकडे सारखा नसतो." अगदी सहज, सूप पिता पिता. तुझी नि माझी गणना एकत्र होऊ नये, एवढंच हवं होतं मला. तू कुठल्या जागेतून आलीस हे मला ठाऊकही नव्हतं. तुझं आडनाव तेवढं ठाऊक होतं. मला इथं मुलाखत मिळाली ती विनयच्या काकांनी केलेल्या एका फोनमुळे, पण ते काही मी त्या टेबलावर सांगितलं नाही.

लॅबच्या वहीत दोघींपैकी कुणाचंच नाव नव्हतं. तरी हॅल्ब्रुकनी तुझ्याकडेच पाहिलं. का, ते आता तुला कळलं असेल.

सुनेत्रा


शिकागो
२४ नोव्हेंबर १९८५

सुजाता,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटतही नाही. तरी लिहिते, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

जुलैत नवे इंटर्न आले. त्यात मार्लिन नावाची एक मुलगी आहे, आयोवाच्या शेतकरी घरातली. पहिल्यांदाच शहरात राहतेय. हॅल्ब्रुकनी या वर्षीसाठी तिला निवडलंय. तिची उंची, तिचे बूट, तिचं अक्षर, काहीही पुरतं. मागच्या आठवड्यात तिनं केस सांगताना चूक केली आणि मी म्हणाले, "पुन्हा सांग. उभी राहून." हॅल्ब्रुक तिथे नव्हतेसुद्धा. मीच म्हणाले. तिनं मुकाट्यानं उभं राहून सांगितलं.

परवा जेवताना ती मला म्हणाली, "तुम्ही इथे होतात ना, डॉ. मेश्राम होत्या तेव्हा?"

"का?"

"नाही, सगळे म्हणतात ना, 'डू अ मेश्राम'. मला वाटलं एखादी टेस्ट असेल. मग कळलं, ती माणूस होती."

मी विचारलं, "कोण म्हणतं असं?"

"सगळेच. लॅबचा रिपोर्ट बघायचा राहिला की. आज सकाळी मीही म्हणाले." ती ओशाळून हसली. "खरंच तिनं पेशंट मारला?"

मी ट्रे उचलून निघून आले. 'नाही' एवढा एक शब्द होता, तोही माझ्याकडून निघाला नाही.

इथली माणसं तुझं आडनाव मेश्-रॅम असं म्हणतात. वॉर्डात दिवसातून दोनदा तरी कानावर पडतं. नर्सेसही म्हणतात. ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही, तेही म्हणतात.

सुनेत्रा


शिकागो
२० एप्रिल १९८६

प्रिय सुजाता,

हे पत्र भंडाऱ्याला पाठवतेय. पत्ता दादारावकाकांनी दिला. आनंदानं दिला नाही.

मागच्या सोमवारी मी डॉ. लिंडक्विस्टना भेटले. फेलोशिपच्या कागदांवर फेब्रुवारीत सह्या झाल्या. त्या झाल्यावर गेले, आधी नाही. हे मुद्दाम लिहितेय, म्हणजे मी धीट झाले असं तुला वाटायला नको.

सगळं सांगितलं. फोन, हात, लिफ्ट, कॉन्फरन्स, आणि सप्टेंबरातलं ते बोलणंही. मी घरी विनयला सांगूनच निघाले होते की आज कदाचित आपलं इथलं सगळं आवरायला लागेल.

लिंडक्विस्टनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे इतके दिवस मनात ठेवणं तुला फार जड गेलं असेल."

मी म्हणाले, "मला नाही. तिला."

"हो, हो. तिलाही." मग म्हणाले, "हे बघ, त्या बाईंच्या घरच्यांनी तक्रार केलेली नाही. ती केस बंद आहे. आपण सगळे दमलेले असतो, चुका होतात. तू उत्तम डॉक्टर होणार आहेस."

मी लिहून नेलेलं चार पानी निवेदन पुढे केलं. हे डॉ. मेश्रामच्या फाइलला लावा आणि कॅरीच्या हॉस्पिटलला पाठवा, असं मी म्हणाले. त्यांनी वाचलं, तारीख घातली, फाइलमध्ये ठेवलं. त्या हॉस्पिटलला माझ्यासमोरच फोन केला. तिकडून कळलं की ती जागा मागच्या जुलैतच भरली. आता नव्यानं अर्ज करायचा तर परीक्षा नव्यानं, व्हिसा नव्यानं, आणि मधल्या खंडाचं कारणही द्यायला हवं. लिंडक्विस्टनी मला कॉफी विचारली. मी घेतलीही.

पुढल्या दिवशी हॅल्ब्रुक कॉरिडॉरमध्ये भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकलं मी. मोठं मन आहे तुझं." आणि पुढे गेले. बस. घरी आल्यावर विनयनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "काही नाही." खरोखरच काही नव्हतं. माझ्या पगारातून, फेलोशिपमधून, कशातून काही गेलं नाही. कुणी मला उभंसुद्धा केलं नाही.

वॉर्डात आजही ते तुझ्या नावानं तसंच बोलतात. मी दोघातिघांना सांगितलं, चूक माझी होती, तिची नव्हे. त्यातला एकजण म्हणाला, "अच्छा? पण आता शब्द रुळलाय ना."

मग दादारावकाकांना फोन केला. तुला द्या म्हटलं. ते म्हणाले, "डॉक्टर, ती सप्टेंबरातच परत गेली. व्हिसा संपला होता. माझ्या ओळखीच्या वकिलाकडूनही काही झालं नाही."

"माझी पत्रं?"

"जूनचं पत्र वाचलं तिनं. जुलैचं उघडलं नाही. म्हणाली, काका, यात 'नाही' असणार, ते मला कळलंय. नंतरचं एक ती गेल्यावर आलं. दोन्ही तशीच आहेत माझ्याकडे. मीही उघडली नाहीत. दुसऱ्याचं पत्र उघडायची आमच्यात पद्धत नाही."

म्हणजे जुलैत लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. ते सगळं पुन्हा लिहून सोबत जोडलंय, निवेदनाची कॉपीही आहे.

मी विचारलं, "तिथं प्रॅक्टिस करते का ती?"

काका म्हणाले, "ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. तिच्या वडिलांनी, रामभाऊंनी, दोनदा सरकारी दवाखान्याचा फॉर्म आणून दिला. भरला नाही. म्हणते, रिपोर्ट हातात आला की चारचारदा वाचते, तरी वाचल्याची खात्री वाटत नाही. मेडिसिनला पहिली आलेली पोरगी आहे ती, डॉक्टर. तिच्या वडिलांनी दहा गावच्या शाळेत मास्तरकी केली. तिच्या निरोपाला पन्नास माणसं नागपूरला विमानतळावर आली होती."

मी "सॉरी" म्हणाले. त्यांनी फोन ठेवून दिला.

सुनेत्रा


शिकागो
१४ सप्टेंबर १९८६

आदरणीय रामभाऊ,

तुम्ही पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम जयभीम' लिहिलंत. उलट तसंच लिहावं असं वाटलं, पण तो मान मला घेता येईना. म्हणून नमस्कार.

माझं पाकीट आणि त्याबरोबरचं तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, सुजातानं पाकीट हातात घेतलं नाही, म्हणून तुम्ही ते उघडलंत, त्याबद्दल माफ करावं. माफी तुम्ही मागावी असं यात काहीच नाही. तुम्ही ते दोनदा वाचलंत, मग तिला विचारलंत, वाचून दाखवू का? ती म्हणाली, "बाबा, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. ते माझ्याच बाबतीत घडलं आहे." आणि तुम्ही निवेदनाची कॉपी ठेवून घेऊन बाकीचं मला परत पाठवलंत. बरोबर केलंत.

ती आता बरी झोपते, असं लिहिलंत. मुलांना बेडकाचं हृदय दाखवायची वेळ आली की ते काम दुसऱ्या मास्तरांकडे देते, हेही लिहिलंत. तुम्ही रागानं एक शब्दही लिहिला नाही. त्यामुळे वाचताना मला मध्येच थांबावं लागलं.

इथलं सांगायचं तर जुलैपासून माझी फेलोशिप सुरू झाली. त्याच इमारतीत, दोन मजले वर. मार्लिन नावाच्या इंटर्नबद्दल मी सुजाताला लिहिलं होतं, तीही गेली. मार्चमध्ये एके दिवशी दुपारी राउंड चालू असताना तिनं स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि जिन्यानं खाली गेली. पुन्हा आली नाही. तिच्या बाजूनं बोलायला तेव्हाही कुणी उभं राहिलं नाही. मी तिथेच होते.

डॉ. हॅल्ब्रुक पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्या निरोपसमारंभाच्या समितीत माझं नाव घातलं आहे. मी काढून घ्या म्हणून सांगितलं, तर कारण विचारलं. कारण सांगितलं. "बरं, दुसऱ्या कुणाला घालतो," म्हणाले, इतकंच.

तुम्ही शेवटी एक प्रश्न विचारलात. "ती तुमच्या घरी जेवायला येत असे, तुम्हाला ताई म्हणत असे, प्रत्येक पत्रात तुमचं नाव असे. तिची आई तर म्हणायची, परदेशात पोरीला मोठी बहीण मिळाली. मग तुम्ही असं का केलंत? तुम्हाला दोष देण्यासाठी विचारत नाही. तिला आम्ही काय सांगावं ते कळत नाही, म्हणून विचारतो."

या प्रश्नावर मी चार दिवस कागद फाडतेय. आधी लिहिलं की मीही तिथं फार सोसलं होतं. ते खरं आहे, पण ते उत्तर नव्हे. मग लिहिलं की नवऱ्यानं अडवलं. तो त्या दिवशी कॉन्फरन्समध्ये नव्हता. मग जातीबद्दल लिहायला घेतलं. तेही खरं आहे, ते माझ्यात किती खोल आहे ते मला तिच्यामुळे कळलं. पण मिसेस नोवाकच्या जागी कुणीही असतं, सुजाताच्या जागी माझ्याच गल्लीतली मुलगी असती, तरी मी काय केलं असतं याची मला खात्री देता येत नाही.

तिच्याऐवजी त्यांनी मला उभं केलं असतं. पाऊण तास. मला ते नको होतं.

रामभाऊ, याहून मोठं कारण मी खूप शोधलं. असतं तर तुम्हाला नक्की लिहिलं असतं.

सुनेत्रा